शिशाच्या ॲप्रनची घडी

पाहुण्यांना दाखवायला साहेबांनी मुद्दाम हे रुग्णालय निवडलं होतं. कसब्यातलं, लहानसं, पण आरशासारखं लख्ख. पुण्यात तेव्हा रोज एखादी आयटी कंपनी उघडत होती आणि परदेशी माणूस दिसला की रिक्षावाल्यांनाही इंग्रजी फुटत होतं. आमचे पाहुणे मात्र संगणकासाठी आले नव्हते. रुग्णालयांतली एक्स-रे यंत्रं सुरक्षित आहेत का, हे तपासणं माझ्या सरकारी कार्यालयाचं काम. त्यांच्या देशात तेच काम करणारे एक बाई आणि एक गृहस्थ आले होते. आमची तपासणी त्यांना भरवशाची वाटली, तर दोन्ही कार्यालयं पुढे मिळून काम करणार होती. तपासणार होते मी.

“पाहुण्यांसमोर शोभा नको,” मंडईपाशी गाडीतून उतरताना साहेब हळूच म्हणाले. तिथून पुढे गल्ल्यांतून चालतच जायचं होतं.

यंत्र उत्तम होतं. दारावरचा लाल दिवा चालू होता. कर्मचाऱ्यांच्या छातीवर किरणं मोजणारे बिल्ले होते. साहेबांचा चेहरा खुलत चालला. मग तंत्रज्ञ बाईंनी कपाट उघडलं. किरणं अंगावर येऊ नयेत म्हणून घालायचे शिशाचे ॲप्रन आत घडी घालून ठेवले होते, अगदी कडेला कड लावून. पाहुण्या बाई कौतुकाने “ब्यूटिफुल” म्हणाल्या.

मला माझी आई आठवली. ती लग्न होऊन नागपूरकडून पुण्यात आली, ती तिकडच्या नवरीच्या पांढऱ्या रेशमी साडीत. दर वर्षी ट्रंक उघडून ती त्या साडीची जुनी घडी मोडायची आणि नवी घालायची. “एकाच घडीवर ठेवली त विरते,” म्हणायची. ॲप्रन टांगून ठेवावेत, हे नियमात होतंच. पण माझा हात त्या घडीवर गेला तो आईमुळे. वरचाच एक ॲप्रन मी उचलून उलगडला.

“अहो, आपण तपासायला आलात की घड्या मोडायला?” रुग्णालयाचे मालक डॉक्टर म्हणाले.

साहेब माझ्याकडे रोखून बघत होते. ॲप्रन परत ठेवून पुढच्या आठवड्यात एकटीने येता आलं असतं. पण बाहेर पेशंट थांबला होता, आणि तोच ॲप्रन घालायला तंत्रज्ञ बाईंनी हात पुढे केला. मी तो दिला नाही. टेबलावर पसरला आणि यंत्र सुरू करायला सांगितलं. दाराच्या फटीतून उजेड यावा तशी रेघ पडद्यावर उमटली, बरोबर घडीवर; तिथे आतलं शिसं तडकलं होतं आणि किरणं आरपार जात होती.

“मॅडम, हा माझाच, रोजचा,” तंत्रज्ञ बाई म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या.

त्यांच्या बिल्ल्याची मोजमापं मी सकाळीच पाहिली होती. ती मर्यादेच्या आत होती, हे मी त्यांना लगेच सांगितलं. पण तो ॲप्रन त्या दिवसापासून बाद केला. मला राग आला होता, त्या नीटनेटकेपणाचाच. मंडईकडे परतताना साहेब झपाझप पुढे निघून गेले. पाहुण्या बाईंनी एवढंच विचारलं, की नेमकं घडीवरच बोट कसं गेलं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी साडीची हकीकत सांगितली. त्या हसल्या नाहीत.

पुढे करार झाला, आणि त्यांच्याकडच्या पहिल्या संयुक्त तपासणीला त्यांनी मलाच मागून घेतलं. साहेबही होते. तिथल्या एका मोठ्या रुग्णालयात त्या बाईंनी कपाट उघडलं. सगळे ॲप्रन टांगलेले. एक मात्र त्यांनी बाजूला जपून ठेवला होता. आपल्या वरिष्ठांदेखत त्यांनी तो टेबलावर पसरला आणि यंत्र लावलं. तशीच रेघ! पुण्याहून परतल्यावर आमच्याकडचे सगळे तपासले, आमच्याही घड्या तडकलेल्याच निघाल्या, असं त्या मोकळेपणाने म्हणाल्या. आणि हे एका आईच्या साडीवरून शिकले, हेही. माझा ऊर भरून आला, खोटं कशाला सांगू? साहेबांनी घसा खाकरला आणि शेजारच्यांना सांगितलं, “ही आमची.”

घरी येऊन आईला सगळं सांगितलं.

“माह्या साडीपायी तुले विमानानं नेलं?” तिने डोळे बारीक केले. मग उठून ट्रंक उघडली आणि साडी माझ्या हातात दिली. आजवर तिने ती कुणाला हाताळू दिली नव्हती.

“घे. यंदाची घडी तू घाल.”