मेडिक्लेमला दमा सांगायचा की लपवायचा

लातुरात मी तगलो तो घरमालकीण बाईंमुळं, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचून वाटायचं, हुशारी माझी होती. बाई शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत मी भाड्यानं राहायचो. आठवीतच शाळा सोडून हिमायतनगरहून आलेलो, आणि क्लासच्या पोरांच्या मेसमध्ये भाज्या फोडणीला टाकायचो. तेव्हा लातुरात जिकडंतिकडं क्लासच्या पाट्या. पोरं सगळी डॉक्टर व्हायला आलेली. त्यांच्यासाठी मिरचीचा ठसका गिळून गिळून पेशंट व्हायची पाळी माझ्यावर आली.

दमा लहानपणापासूनचा. पण आमच्याकडं लग्न होईस्तोवर पोराला दमा नसतो, सर्दीचा कोठा असतो. एकदा शेगडीपाशीच असा दम लागला, की मेसमालक घाबरून म्हणाला, "कुणाला कळवू रे?" कळवण्यासारखं लातुरात माझं कुणीच नव्हतं. तेव्हापासून एकच धास्ती बसली: आपण आडवे झालो तर दवाखान्याचं कोण बघणार?

मेसला किराणा देणारे अप्पा दुकान सांभाळून मेडिक्लेमही विकायचे. त्यांना बोलावलं. बाईंनी खाली व्हरांड्यात बसवून चहा दिला. अप्पा विचारायला लागले, आणि मी मुलीकडची मंडळी आल्यासारखा बसलो. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला.

"बीपी? शुगर?"

"न्हाई."

"बिडी, तंबाखू?"

"सुपारीबी न्हाई, अप्पा."

"दमा-बिमा?"

"छे! रोज पहाटे पळतो की मी."

उभ्या जन्मात पळालो नव्हतो. पण कंपनीला स्थळ पसंत पडायला पाहिजे ना.

बाई आतून आल्या. "पळतो? हा? जिना चढला की कुकरसारखा शिट्ट्या मारतो. अप्पा, दमा लिहा."

अप्पा कळवळले. "कशाला, बाई? लपलं तर लपलं. हप्ता वाढंल पोराचा."

"आणि उद्या दम्यानंच अॅडमिट झाला, की कंपनी म्हणणार, खोटं बोललास, नीघ. मग बिल भरायला तुम्ही येणार?"

"मी कशाला येऊ?"

"तेच म्हणते मी."

मला रागच आला. "जमत आलेलं मोडलं की तुम्ही, बाई!"

"गाढवा, हे लग्न नाही. लग्नानंतर कळलं तरी बायको राहते बिचारी. कंपनी राहत नाही. तुला खोली दाखवताना मी आधी काय दाखवलं होतं?"

"भूकंपाचा तडा."

खरंच. नवा भाडेकरू आला की नळ-लाइट नंतर, बाई आधी भिंतीतल्या तड्यात बोट घालून दाखवायच्या. बरेच जण तिथूनच खाली उतरायचे.

"तरी राहिलास ना? मग सांग खरं."

मी सांगितलं. अप्पांनी सुस्कारा सोडून दोन पॉलिसी पुढं केल्या. पहिली स्वस्त, पुस्तिकेवर दात काढून हसणारं कुटुंब. बाईंनी सरळ मागचं पान काढलं, तिथं कॅशलेसवाले दवाखाने दिलेले. लातुरातला एकच, तोही डोळ्यांचा.

"दम लागला की ह्याला चष्मा लावायचा का, अप्पा?"

अप्पा मिशीतल्या मिशीत हसले. दुसरी महाग होती. तिच्यात गावातले चांगले दवाखाने होते, पण दम्यासाठी तीन वर्षं थांबायचं. तोवर बाकीची दुखणी चालतील, दमा चालणार नाही.

"मग तीन वर्षं मी करू काय?"

"श्वास घे," बाई म्हणाल्या. "आणि फोडणी सोडून पोळ्यांवर बदली माग."

दुसरीच घेतली. बदलीही मिळाली, मालकाच्या शिव्यांसकट. हप्ता महाग होता, पण दरवर्षी भरत राहिलो.

तीन वर्षं सरली आणि पुढच्याच हिवाळ्यात मी आडवा झालो. कंपनीचा माणूस कॉटपाशी आला. "दमा जुना आहे?"

"हाव. लहानपणापासूनचा. पहिल्याच दिवशी सांगितलाय."

त्यानं कागद उलटून बघितले, मान डोलावली आणि गेला. बिल कंपनीनं भरलं. मास्कच्या आत मी रडत होतो, नर्सला वाटलं वाफ लागली.

आता बाई थकल्यात. गुडघे गेलेत, मुलं परदेशात. डॉक्टर ऑपरेशन म्हणतात, त्या "बघू" म्हणतात. मी त्यांना बजावून ठेवलंय: "ज्या दिवशी हो म्हणाल, त्या दिवशी मेसला सुट्टी. दवाखान्यात उशाशी मी बसणार, घरी आल्यावर हात धरून मी चालवणार. तुमचं एवढं मी फेडणार म्हणजे फेडणारच. आणि डॉक्टरांनी शुगरचं विचारलं, तर तुमच्या कपाटातल्या बालुशाहीचंही सगळं सांगणार."