उतारावरची तबकडी

त्यांना सगळे सावकाशमामा म्हणत. हे नाव एखाद्या घाईतल्या, चिडलेल्या प्रवाशानं ठेवलं असणार. पण मामांनी ते इतक्या सहज अंगावर घेतलं, की पुढं खरं नाव कुणाला आठवेनासं झालं.

बस चालवणारी माणसं दोन तऱ्हेची असतात. काही रस्त्याला हाकतात, काही रस्त्याचं ऐकतात. मामा ऐकणारे. वळण यायच्या कितीतरी आधी त्यांचा पाय हलका होई, म्हणजे खिडकीला डोकं टेकून झोपलेल्या पोराची मान हिसकू नये. थांबा आला की गाडी अशी अलगद टेके, की झोपलेल्याला कळतच नसे. तो पुढच्या थांब्यावर जागा होई आणि मामांवरच भडके. मामा ऐकून घेत आणि “हं” म्हणत. बोलणं त्यांना जमत नसे. घरी मामी सांगत, “लग्नाला होकार दिला तेव्हाही यांनी ‘हं’च केलं. मीच आपला चांगला अर्थ लावला.”

वाटेतली माणसं त्यांच्या हाती काहीबाही देत. औषधाची बाटली, विसरलेली छत्री, शिवून झालेला सदरा, कुणाचा जेवणाचा डबा. नियमात ते बसत नव्हतं. मामा वस्तू ठेवून घेत आणि ज्याची त्याला खाली उतरवून देत.

तर अशा या मामांनी एका संध्याकाळी, भर उतारावर, ब्रेक करकचून दाबला.

गाडी किंचाळत थांबली. मागं कुणाचं कपाळ दांडीवर आपटलं, एका बाईची अंड्यांची टोपली पायात येऊन फुटली. कंडक्टरबाई मधल्या वाटेत तिकिटं फाडत होत्या, त्या दोन बाकं धरून कशाबशा उभ्या राहिल्या.

“मामा, काय झालं?”

मामांनी समोर बोट दाखवलं. समोर डोंगराची सावलीतली काळी कड होती, आणि खाली दरी. बाकी काही नव्हतं.

“होती,” मामा म्हणाले. “एवढी. गोल. पेटल्यासारखी. दरीवरून सरळ आपल्या अंगावर येत होती. आता गेली.”

“काय होती?”

मामांनी बराच वेळ शब्द शोधला आणि जो सापडला तो सांगून टाकला. “तबकडी.”

गाडी पुन्हा सुरू व्हायच्या आत हा शब्द शेवटच्या बाकापर्यंत जाऊन परत आला होता. येताना त्याला दोन दिवे आणि एक शेपूट फुटलं होतं. कंडक्टरबाई मामांच्या कानाशी वाकल्या. “मामा, डेपोत विचारतील. कुत्रं आडवं आलं म्हणा. मी हो म्हणेन.”

“कुत्रं नव्हतं,” मामा म्हणाले.

डेपोचे साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी मामांना खुर्ची दिली, पाणी दिलं, पुन्हा पुन्हा विचारलं. प्रत्येक वेळी मामांनी तेच सांगितलं, तेवढ्याच शब्दांत. साहेबांनी कपाळ चोळलं. “बाकी कुणालाच दिसली नाही. मागं गाडीभर माणसं होती. माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?”

“चाक काढून घेतलं असतं,” मामा म्हणाले.

तेच झालं. आधी डोळे तपासायचे, मग निर्णय. तोवर मामांनी चौकशीच्या खिडकीत बसायचं. आणि निर्णय उलटा गेला तर कायमचं तिथंच. ज्या माणसाला दिवसाकाठी चार वाक्यं पुरत, त्याला आता जाळीआडून दिवसभर उत्तरं द्यायची होती. लोक गाडीची वेळ विचारत आणि जाता जाता हळूच म्हणत, “आणि मामा, वरची गाडी किती वाजता?” मामा हसत. पण बोलता बोलता त्यांचा उजवा पाय टेबलाखाली दाबला जाई, पुन्हा सुटे.

घरीही सुटका नव्हती. “आत कुणी बसलं होतं का हो?” मामींनी वाढता वाढता विचारलं. “बाईमाणूस असलं तर सांगा, मी समजून घेईन.” मग नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या हातातला चमचा थांबला. “चाक मिळेल ना परत?”

मामांनी ‘हं’ केलं नाही. तेव्हा मामी घाबरल्या.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी अक्षरं वाचायला लावली, दिवे मारले, आणि डोळे ठणठणीत असल्याचं सांगितलं. ही बातमी आनंदाची वाटायला हवी होती. पण साहेबांचा चेहरा उतरला. डोळे ठीक, म्हणजे आता शंका डोळ्यांच्या मागं सरकली होती.

मामांनी स्वतःच शोध घ्यायचा ठरवलं. सुट्टी काढून ते त्याच उतारावर गेले. तिथं एक मेंढपाळ रोज असतो. त्याला विचारलं, तर तो म्हणाला, “आभाळात बघत बसलो तर मेंढरं कोण बघणार?” मामांना हे पटलं. मग ते त्याच वेळच्या त्याच गाडीत पुढच्या बाकावर बसून तो उतार उतरले. बदलीचा ड्रायव्हर नियमाचा पक्का. वाटेत कुणाकडून काडीसुद्धा घेत नव्हता. ऊन तेच, वळण तेच. काही दिसलं नाही. मामांनी उतरताना काचेवरून हात फिरवला. ही गाडी नवी कोरी होती, मामांच्या हाती आली त्याच दिवशी हा प्रकार झाला होता. जुन्या गाडीची काच भिंतीसारखी उभी असे. हिची मागं झुकलेली, आणि काचेखाली काळी रुंद फळी. पण काच काय, फळी काय, बोलेना.

शेवटी ते साहेबांपुढं उभे राहिले. इतकं लांब वाक्य ते बहुधा पहिल्यांदाच बोलले असतील. “मला एकदा त्याच वेळी, त्याच रस्त्यानं, रिकामी गाडी नेऊ द्या. तुम्ही शेजारी बसा. मग काय ते ठरवा.”

साहेबांनी विचार केला आणि मान हलवली.

निघताना मामी दारात आल्या. “ऐका. दिसली, तरी गप्प बसा. आयुष्यभर गप्प बसलात, आणखी एकदा बसा. माझ्यासाठी.”

मामांनी चप्पल घातली आणि निघाले.

गाडीत तिघंच. चाकावर मामा, शेजारी मुद्दाम टाकलेल्या स्टुलावर साहेब, मागं कंडक्टरबाई. हात चाकाला लागल्याबरोबर मामांचे खांदे खाली आले. गाडी तेल घातल्यासारखी निघाली. साहेबांना मध्येच एक डुलकी लागली आणि तिची लाज वाटून ते ताठ बसले.

उताराच्या आधीच्या थांब्यावर एक म्हातारी हात आडवा करून उभी होती. मामांनी सवयीनं गाडी लावली. म्हातारी चालकाच्या खिडकीशी आली. “कुठं होतास रे? तो दुसरा मेला डबा घेत नाही. माझा पोरगा खाली पंपावर कोरडा पाव चावतोय.” तिनं राखेनं लखलखीत घासलेला, ताटाएवढ्या झाकणाचा स्टीलचा डबा आत दिला, आणि साहेबांना पाहून म्हणाली, “यांना सांग, कलता करू नका. रस्सा आहे.”

मामांनी साहेबांकडे पाहिलं. मग डबा समोरच्या काळ्या फळीवर ठेवला आणि गाडी काढली.

“हे नियमात बसतं का?” साहेबांनी विचारलं.

“नाही.”

“रोज घेता?”

“तिचा रोज. बाकीच्यांचं अधूनमधून.”

कंडक्टरबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

उतार लागला. वळण आलं. त्या वळणावर ऊन चालकाच्या बाजूच्या खिडकीतून तिरपं आत शिरतं आणि समोर सावलीतला डोंगर काळ्या पडद्यासारखा उभा राहतो. मामांच्या हातांची पकड बदलली.

दरीवर, अगदी समोर, ती होती. गोल, पेटलेली, किंचित थरथरत, गाडीबरोबर चाललेली.

त्यांनी शेजारी पाहिलं. साहेब सरळ समोर बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. म्हणजे त्यांना दिसत नव्हती. आता गप्प बसलं की झालं. वळण संपेल, ती जाईल, चाक राहील.

“साहेब,” मामा म्हणाले, “आली.”

“कुठं?”

“समोर. दरीवर.”

साहेबांनी मान पुढं काढली. “मला काही दिसत नाही.” कंडक्टरबाईही पुढं आल्या. “मलाही नाही, मामा,” त्या म्हणाल्या.

मामांनी गाडी अलगद कडेला घेतली, हातब्रेक ओढला आणि उठले. आपली जागा त्यांनी आजवर कुणाला दिली नव्हती. “इथं बसा.”

साहेब नाराजीनं चाकामागं बसले, मान वर केली आणि तसेच राहिले.

“अरे बापरे,” ते हळूच म्हणाले. “आहे. खरंच आहे!”

“बघू, बघू,” म्हणत कंडक्टरबाई वाकल्या, आणि मध्ये येणारा डबा त्यांनी बाजूला सरकवला.

“गेली!” साहेब ओरडले.

“मी फक्त डबा सरकवला.”

“परत ठेवा. ... आली! सरकवा. गेली! ठेवा बरं पुन्हा.” साहेबांना थांबवेना. उन्हानं पेटलेलं झाकण तिरप्या काचेत उमटत होतं, आणि काचेमागं काळा डोंगर असल्यानं दरीवर तरंगल्यासारखं भासत होतं. पण ते फक्त चालकाच्या जागेवरून. दोन वीत बाजूला सरकलं की काही नाही. त्या दिवशी ब्रेकच्या हिसक्यानं डबा घसरला, आणि ती गेली होती.

कंडक्टरबाई हसत सुटल्या. मामा मात्र खाली उतरून रस्त्याच्या कडेला उभे राहिले. किती दिवसांनी छाती भरून श्वास आला होता. आणि त्या श्वासात थोडी निराशाही होती. दूरची कुणीतरी आपल्याला भेटायला आली होती, असं त्यांना मनातून वाटू लागलं असावं.

साहेब शेजारी येऊन उभे राहिले. “त्या दिवशी कुत्रंबित्रं आडवं आलं म्हणून सांगितलं असतंत, तर हे कधी कळलंच नसतं. अशाच गाड्या आणखी येणार आहेत. एखाद्यानं घाबरून चाक फिरवलं असतं.” त्यांनी दरीकडे पाहिलं. मग घसा साफ केला. “डब्यांचा ठपका मात्र बसेल तुमच्यावर.”

“बसू दे. आणि चाक?”

“चला, बसा त्याच्यामागं. तिकडे रस्सा गार होतोय.”

आता नव्या गाड्यांत काचेखालची फळी मोकळी ठेवायची सक्त ताकीद आहे. वस्तू कंडक्टरबाईंच्या पायाशी असतात. त्या रोज कुरकुरतात आणि रोज घेतात. मामींनी डब्याची हकिकत पुन्हा पुन्हा सांगायला लावली, आणि तो “आली” म्हणण्याचा भाग आला की दर वेळी त्या नवऱ्याला चापटी मारत.

उतारावर मात्र कुणीतरी हटकून विचारतं, “काय मामा, आज दिसली नाही का?”

“नाही,” मामा म्हणतात, रस्त्यावरची नजर न काढता. “दिसली तर थांबेन.”