शेवट न सांगणारा

रविवारी सिंगापूरच्या ईस्ट कोस्टवर, खाण्याच्या स्टॉल्सच्या हॉकर सेंटरमध्ये भेटणारा आमचा पोस्टडॉक दुसऱ्या महायुद्धाआधीच्या मुंबईवर संशोधन करतो. बोलतो मात्र असा, जणू आत्ताच गिरगावातून चालत आलाय. "बाईंचा बोलपट जोरात चाललाय, संपादकसाहेब तुरुंगात आहेत, आणि सराफाचा खुनी अजून सापडत नाहीये." तोवर त्याच्या लक्सा नूडल्स थंडगार होतात.

"पुढं काय झालं?" मी दर वेळी विचारतो.

"पुढं युद्ध," तो हात झटकतो. "शेवट सांगितला की ती माणसं उगाच मूर्ख दिसायला लागतात. त्यांना कुठं ठाऊक होतं?"

मला हे निव्वळ भाव खाणं वाटायचं.

गेल्या रविवारी टेबल शोधताना मी त्याला सांगितलं, की माझा इथला नोकरीचा पास रिन्यू झाला नाही, आता फ्लॅट सोडून भारतात परतावं लागणार. "पुण्यात या वयात नोकरी मिळेल का रे?"

माणसांचं पुढं काय होतं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? पण एका रिकाम्या टेबलावर त्यानं टिश्यूचं पाकीट ठेवलं. जागा धरायची ही इथली रीत.

"चल, लक्सा घेऊ," तो म्हणाला. "आज सराफाच्या दुकानात पोलीस आलेत."