साल चाचपणारी

तिचं नाव मी विचारलंच नाही. कांदे निवडताना उडणाऱ्या काळ्या बुरशीनं मला खोकला जडला, म्हणून सटाण्याहून नाशिकला तपासून घ्यायला गेले होते. रिपोर्ट मागायला गेले, तर लॅबमधली ती मुलगी माझ्या फुप्फुसातून काढलेलं पाणी मायक्रोस्कोपखाली बघत होती आणि स्वतःशीच म्हणत होती, "शाब्बास गं बाई!"

मग तिनं मलाही बोलावलं. "मावशी, ही तुमची पेशी. बुरशी गिळतेय बघा. डॉक्टर औषध देतीलच, पण आधी हीच धावली."

"डोळे नाहीत, मंग ओळखते कशी?"

"बुरशीची साल चाचपून."

मी माझ्या बोटांकडे पाहिलं. वीस वर्षं मीही गप्पा मारत, न बघता, नुसती साल चाचपून नासका कांदा बाजूला काढते आहे.

"मंग माझ्यावरच गेली म्हणायची!" मी म्हणाले.