लावा जीभ!

“सुपरवायझर, हा कागद आहे की टीपकागद? माझं पुस्तक बुडवायला निघालात काय?” चित्रकारांनी गठ्ठा माझ्या टेबलावर आपटला.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. मी मेहकरच्या हातकागद केंद्रात होतो. हे गृहस्थ मुंबईचे. हाताने चित्रं छापून, हातानेच शिवून पुस्तकं करायचे. पान उलटताना कागद बोटांना कळला पाहिजे, हा त्यांचा हट्ट. ही ऑर्डर परत गेली तर केंद्राला कुलूप, असं वरून मला बजावलेलं होतं.

मी एक ताव हातात घेतला. चांगला ताव हलवला की खडखडतो, बोटाला टणक लागतो. हा जुन्या धोतरासारखा लुळा. म्हणजे सरस लागलेला नाही. सरस म्हणजे हाडं-कातडी उकळून केलेला चिकट गोंद. त्याच्या कोमट पाण्यातून ताव काढले की शाई फुटत नाही.

पण स्टोअरमधून सरस तर नेमाने जात होता! मग मुरत कुठे होता? सरस सुतारांनाही लागतो. माझा संशय स्टोअरकीपर वासुदेववर गेला. त्याने भोळा चेहरा केला, तेव्हा तर पक्काच झाला.

“माह्याकडं काऊन पाह्यता साहेब? मी तं गोदाबाईच्या हाती देतो. तिले विचारा.”

ताव बुडवायचं काम गोदाबाईचं. “टाकते ना साहेब, रोज टाकते,” ती म्हणाली. पण माझ्याकडे बघेना. दोघं मिळून विकतात की काय? मला कोणाचंच खरं वाटेना.

कागद तपासायला आमच्याकडे एक सोपा उपाय असतो, जीभ. सरस असेल तर कागद जिभेला चिकटत नाही. नसेल तर चिकटतो. मी परत आलेला ताव दोघांपुढे धरला.

“लावा जीभ.”

वासुदेव माळकरी. तो मागेच सरकला. “राम राम! हाडाचं हाय थे. नोकरी गेली तरी चालन.”

गोदाबाईने मात्र बेधडक जीभ लावली. ताव चिकटला.

“गोदाबाई, तुम्हीही माळकरी. किळस नाही आली?”

आपण सापडलो हे तिच्या तेव्हा लक्षात आलं, आणि तिला रडूच फुटलं. “त्यात सरस नाहीच साहेब. मी जवारीच्या पिठाची पातळ खळ लावत होती. सरस नालीत फेकला. सासू म्हणे, हाडाचे हात माह्या चुलीले लावू नको. मंग लेकराले भाकर कोन देईन?”

“अहो, मग मला सांगायचं!”

“सांगतलं असतं तं ठेवलं असतं का तुम्ही?”

नसतंच ठेवलं. माझा राग तिथेच विरला, आणि वासुदेवकडे बघायची मला लाज वाटली.

गोदाबाईला मी ताव घोटायला बसवलं, गुळगुळीत दगडाने. सरसाला हात लावायला दुसरं कोणी तयार होईना. शेवटी मीच बाह्या सारल्या. चित्रकारांनी नवा ताव डोळे मिटून चाचपला आणि ऑर्डर कायम केली. केंद्र वाचलं. ऑर्डर संपेपर्यंत बायकोने माझं ताट मात्र ओसरीवर वाढलं.

तेव्हापासून नवं माणूस घेताना काम येतं का, हे मी नंतर विचारतो. आधी विचारतो, घरी भाकरी कोण थापतं?