राईला पोरं होईनात

किस्से जमवावे लागत नाहीत. चार माणसांची समिती करा, तिला एखादं चांगलं काम द्या आणि बाजूला उभे राहा. आमच्या जांभूळराई संवर्धन समितीत मी सचिव आहे. का, तर शाळेत सायन्स शिकवतो! त्यामुळं पुढचं बहुतेक सगळं माझ्यादेखत घडलंय आणि थांबवता मात्र काहीच आलेलं नाही.

खुटबावच्या पुढं, ओढ्याकाठी आमची राई. जांभळं इतकी जुनी, की एका माणसाच्या कवेत मावत नाहीत. अध्यक्ष आप्पा, ऊसवाले बागायतदार. एकदा मी त्यांना सहज म्हणालो, "आप्पा, राईत सगळी म्हातारीच झाडं. एकही तरणं नाही. बी पडतं, रुजतं, पण रोप टिकत नाही. ही गेली की संपलं."

आप्पांनी हातातला चहा तसाच खाली ठेवला.

"आज्यानं राखली, बापानं राखली, आन् माझ्या हातनं राईचा निर्वंश व्हायचा व्हय?"

मला उगाच बोललो असं झालं. समिती तिथंच, टपरीवर स्थापन झाली.

*

समिती झाली की पहिलं काम काय? श्रमदान! मी परीक्षेच्या ड्यूटीवर. येऊन बघतो तर राई झाडून लख्ख, पाचोळा जाळलेला.

"आप्पा, पाचोळ्याखालीच ओल टिकते हो! कोंब होते त्यात!"

"सर, असल्या घाणीत पोरं कशी निपजायची? आता स्वच्छ झालंय, आता चांगली येतील!"

*

पुढच्या मीटिंगला मी फक्त एवढंच बोललो, की रोपांना ओलावा लागतो. झालं. आप्पांनी आपल्या उसाच्या मोटरीचा पाइप राईत सोडला. वर सढळ हातानं युरिया. कोवळी रोपं आठवडाभर पाण्यात उभी होती, मग बसली.

"आप्पा, सडली की सगळी!"

"उसाला चालतंय."

"अहो, हे जांभूळ आहे!"

"मंग त्याला सवय लावावी लागंल."

*

मग शेळ्यांचा विषय निघाला. आमचे मेंबर रशीदभाई फॅब्रिकेशनवाले, कारेगावच्या कंपन्यांची कामं करतात. त्यांनी राईला स्वतःहून गेट करून दिलं. दणकट, वर भाल्याची टोकं, खाली कुलूप. आमदारांच्या हस्ते उद्घाटन झालं. कुंपण मात्र नव्हतंच! भाषणं चालू असताना शेळ्या गेटला वळसा घालून आत गेल्या.

"रशीदभाई, आधी कुंपण नको होतं का?"

"सर, फीत गेटलाच बांधता येती. कुंपणाचं उद्घाटन कुठनं करायचं?"

*

मग एका वळवात राईतलं एक जुनं जांभूळ उन्मळून पडलं. आप्पा दिवसभर खोडाशी बसून होते, जेवलेसुद्धा नाहीत. पण झालं काय, वरती भगदाड पडलं, जमिनीला पहिल्यांदा ऊन लागलं आणि पावसाबरोबर तिथं रोपंच रोपं उठली. मी पेढे वाटायचा बाकी होतो!

मग वृक्षारोपणाचा दिवस आला. सकाळी पोचतो तर तिथं जमीन साफ, ओळीत खड्डे.

"रशीदभाई, इथली रोपं?"

"तण व्हय? सकाळीच उपटून घेतलं. पाहुणे येणार ना!"

"आणि आता लावताय काय?"

"जांभूळ! नर्सरीतलं हाय, पिशवीतलं!"

उन्हाळ्यापर्यंत त्यातलं एकही राहिलं नाही.

*

आप्पांचे चुलतभाऊ नाना विरोधी पॅनेलचे. सोसायटीच्या निवडणुकीपासून दोघं एकमेकांचं तोंड बघत नाहीत. नानांच्या वाढदिवसाला कार्यकर्त्यांनी राईच्या कडेला भलामोठा फ्लेक्स उभा केला, 'भावी आमदार'. वाऱ्यानं तो फ्रेमसकट पडला आणि त्या पडलेल्या खोडावर तिरका टेकून राहिला. उचलायला कोण येतंय!

पावसाळ्यानंतर मी सहज वाकून फ्लेक्सखाली बघितलं. दुपारचं ऊन अडलेलं, सकाळचं कडेनं आत येत होतं. पाचोळा साठलेला, माती ओली, शेळीला शिरायला वाव नाही. आणि वीतभर उंचीची जांभळं! धावत जाऊन आप्पांना आणलं. नानांच्या फोटोखाली डोकं घालून म्हातारा कितीतरी वेळ बघत राहिला. बाहेर आला तेव्हा डोळे पुसत होता.

दुसऱ्या दिवशी नव्या फ्लेक्ससाठी फ्रेम हवी म्हणून कार्यकर्ते तो उचलायला आले, तर आप्पा खुर्ची टाकून, काठी घेऊन तिथं बसलेले. "हात लावाल तर याद राखा!"

गावात एकच बोभाटा, आप्पा फुटले! त्यांच्या पॅनेलची माणसं जीप काढून समजवायला आली. आप्पा हलेनात. शेवटी नाना स्वतः आले. इतक्या वर्षांनी समोरासमोर. मिठी मारायला हात पसरून पुढं झाले.

"दादा, माझा फोटो राखत बसलाय व्हय तुमी?"

आप्पांनी काठीनंच त्यांना मागं सारलं.

"पडू दे तसाच, नाना. जन्मात पहिल्यांदा तुझ्या सावलीला कायतरी वाढतंय!"