सगळ्यांना चालेल असा डबा

रोझीचा फोन आला तेव्हा मी नातीचा डबा भरत होते. रोझी म्हणजे मंगळुरात आमच्या शाळेच्या सिस्टर जसिंता शेवटी ज्या घरात राहत होत्या, तिथली स्वयंपाकीण. कोकणी, कानडी आणि मोडकंतोडकं मराठी अशा तिन्ही भाषांत ती रडत होती. एवढं कळलं की सिस्टर पहाटे झोपेतच गेल्या. मी गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून उभी राहिले. दुपारपर्यंत कोल्हापुरात, आमच्या शिवाजी पेठेत बातमी पसरली आणि जो भेटेल तो एकच म्हणायला लागला, "सुटल्या बिचाऱ्या." मला असा राग आला! बिचाऱ्या? सिस्टर जसिंतांना बिचारी म्हणणाऱ्यानं त्यांचा धपाटा कधी खाल्लेला नसावा. पण खरं सांगू का, मध्यंतरी एक काळ असा होता की तेव्हा ही बातमी आली असती, तर मीही हेच म्हटलं असतं आणि पुढं आयुष्यभर मनात कुढत बसले असते.

शाळा सुरू झाली तेव्हा आम्ही पहिल्या वर्गात होतो. शाळा कसली, भाड्याच्या दोन कौलारू खोल्या, पुढं अंगण आणि एक चिंच. ना सरकारचं अनुदान, ना कुणा साखरसम्राटाचा हात डोक्यावर. तीन सिस्टर आणि एक आया, संपली शाळा. सिस्टर जसिंता केरळातल्या कुठल्याशा खेड्यातनं आलेल्या, विशीतल्या, काटकुळ्या. त्यांना मराठी शिकवलं ते आमच्या आयानं, गंगामावशीनं. मावशी नेसरी गावची. त्यामुळं सिस्टरांचं मराठी पुस्तकातलं झालंच नाही, ते थेट नेसरीच्या शिवारातलं झालं. पांढऱ्या झग्यातली ही बाई रोज सकाळी फाटकात उभी राहायची आणि एकेकाची नखं बघत म्हणायची, "व्हय रं, ही नखं हायत का नांगराचा फाळ?" नवीन पालक आ वासून बघत राहायचे. परिपाठाला इंग्रजी प्रार्थना झाली की शेवटी त्या डोळे मिटून आपली एक ओळ घालायच्या, "देवा, बघ की जरा आमच्याकडं बी." आम्हाला कितीतरी वर्षं वाटायचं, बायबलात असंच लिहिलंय.

पहिल्याच नाताळात घोटाळा झाला. सिस्टरांनी स्वतः केक केला, सगळ्या वर्गाला वाटला आणि आम्ही बोटं चाटूनपुसून खाल्ला. माझ्या शेजारी अभिनंदन बसायचा, कागलकडच्या जैन शेतकऱ्याच्या घरातला. त्यानं तर दोन तुकडे खाल्ले. दुसऱ्या दिवशी त्याचे आजोबा आले. पांढरी टोपी, धोतर, हातात काठी. मधल्या सुट्टीत आम्ही सगळी पोरं दाराशी गोळा झालो, आता भांडण बघायला मिळणार म्हणून. म्हातारा बाकावर बसला आणि शांतपणे म्हणाला, "बाई, आमच्या पोरानं अंडं खाल्लं." केकात अंडं असतं, हे त्या घराला माहीत नव्हतं. आणि अंड्यानं कुणाचं घर असं हादरतं, हे सिस्टरांना माहीत नव्हतं. त्यांचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला. त्या तशाच खाली फरशीवर बसल्या, म्हाताऱ्याच्या समोर, आणि म्हणाल्या, "चुकलं की आजोबा. आता काय करायचं, तुमीच सांगा." केरळच्या तोंडून नेसरीची बोली ऐकून म्हातारा आधी दचकला, मग मिशीत हसला. "खाल्लं ते खाल्लं. पोराला काय कळतंय," तो म्हणाला, "पण ते दुपारी एकटंच कोपऱ्यात बसून जेवतंय म्हणं. त्येचं काय तरी बघा. समद्यास्नी चालंल असं काय तरी करा."

झालं. बाईनं ते शब्दशः धरलं. त्या आठवड्यापासून आमच्या शाळेत शुक्रवारचा डबा सुरू झाला. शुक्रवारी प्रत्येकानं असा डबा आणायचा, जो वर्गातल्या कुणालाही चालेल. आणि आपला डबा आपण उघडायचा नाही, शेजाऱ्यानं उघडायचा, पहिला घास त्यानं घ्यायचा. आता गंमत बघा. जैनांना कांदा, लसूण, बटाटा चालत नाही. सिस्टरांच्या धर्मात शुक्रवारी मटण खात नाहीत, म्हणून ते बंद. निम्म्याअर्ध्या आयांचे शुक्रवारचे उपास, त्या घरांतनं आंबट बंद. माझी आई फाटकात जाऊन भांडली, "कांदा न्हाई, लसूण न्हाई, चिंच न्हाई. मग घालू काय डब्यात, वारं? लसणाबिगर चटणी खाण्यापरास पोरगी उपाशी ऱ्हाईल माझी!" सिस्टर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे की. एक दिसानं काय मरती व्हय?" आई पाय आपटत घरी आली आणि शुक्रवारी गूळपोळी करून दिली. पहिला घास अभिनंदननं घेतला. त्या दिवसानंतर तो कोपऱ्यात कधी बसला नाही.

पुढं मी त्याच शाळेत मराठी शिकवायला लागले. खोल्यांची इमारत झाली, चिंच पडली, पेठेतल्या फुटबॉलवेड्या घरांतली पोरं आली, एमआयडीसीत कामाला आलेल्या परप्रांतीयांची आली. प्रत्येक नव्या पोराबरोबर न चालणारी एक वस्तू वाढत गेली आणि शुक्रवारचा डबा आणखी सोवळा होत गेला. सिस्टर मात्र दर शुक्रवारी वर्गावर्गातनं फिरून घास मागत, "बघू गं, तुझ्या आईनं काय रडकं केलंय आज?"

आणि मग त्यांना हुकूम आला. या सिस्टरांमध्ये वय झालं की संस्थेच्या मंगळूरच्या घरात जायचं असतं. सगळी हयात कोल्हापुरात काढलेली बाई, तिथलं कुणी ओळखीचं नाही, भाषा येत नाही. मी तर त्यांच्या खोलीत जाऊन तणतणले, "न्हाई म्हणा की एकदा! आम्ही शिक्षक, पालक सगळे सह्या करून देतो."

"न्हाई म्हणायचं नसतं गं सुनंदे आमच्यात. तेवढं एक सोडून बोल," असं म्हणून त्या पुन्हा झग्यांच्या साड्यांसारख्या घड्या घालायला लागल्या. एका बॅगेत सगळा संसार मावला. गाडी फाटकातनं बाहेर पडली तेव्हा त्यांनी मागं वळूनही बघितलं नाही.

त्यानंतर माझ्या जिवाला घोर लागला. फोन केला की पलीकडनं एवढंच, "बरी हाय." बाकी काही नाही. वटवट करणारी बाई दोन शब्दांवर आली म्हणजे काय समजायचं माणसानं? मला रोज दिसायचं, त्या कुठल्यातरी खिडकीशी बसल्यात, भिंतीकडे बघतायत. आम्ही आमचं माणूस वापरून घेतलं आणि म्हातारपणी परक्यात नेऊन टाकलं... शेवटी दिवाळीच्या सुट्टीत न राहवून मी गाडीत बसले.

पोचले तो शुक्रवार होता, जेवणाची वेळ. जेवणघरात वीसेक म्हाताऱ्या सिस्टर. कुणाला साखर, कुणाला रक्तदाब, कुणाला दातच नाहीत. रोझीनं नंतर सांगितलं, आधी प्रत्येकीचं ताट वेगळं यायचं आणि जी ती आपापल्या ताटात मान घालून गप्प जेवायची. आता मात्र एकच मोठं पातेलं मध्ये ठेवलेलं, आणि प्रत्येकीची वाटी शेजारणीनं वाढायची. पातेल्यापाशी काठी टेकून आमच्या सिस्टर उभ्या. मला बघून म्हणाल्या, "आलीस व्हय? बस. शुक्रवार हाय." माझ्यापुढं वाटी आली. तांदळाची पेज, त्यात शिजून मेण झालेला भोपळा. मीठ नाही, गूळ नाही, तिखटाचा तर पत्ताच नाही. इतकं बेचव मी जन्मात खाल्लं नव्हतं! शेजारची एक मंगळुरी म्हातारी मला कोपरानं ढोसून थेट सिस्टरांच्या बोलीत म्हणाली, "खा की." मला रडूच फुटलं. घळाघळा रडले आणि पेज खाल्ली. मला रोज दिसायची ती खिडकी नव्हती, ती भिंत नव्हती, काही नव्हतं. बाईनं तिथं दुसरी शाळा काढली होती.

"काळजी करत बसली हुतीस?" त्या म्हणाल्या, "येडीच हायस. फोनवर बोलाय वेळ कुठला मला?" थोडं लागलंच मनाला. आमच्यावाचून बाईचं काही अडलं नव्हतं. पण परतीच्या गाडीत, कित्येक महिन्यांनी, मी घोरत झोपले.

परवा रोझीचा पुन्हा फोन आला. आता ती सावरली होती, नीट बोलली. शेवटच्या शुक्रवारी सिस्टरांना घास गिळवत नव्हता, चमच्यानं नुसतं पेजेचं पाणी जात होतं. तेव्हा त्या घरानं कुणी न सांगता ठरवलं. रोझीनं पातेलंभर पेजेचं पाणी केलं, सगळ्याजणी त्यांच्या पलंगाभोवती खुर्च्या घेऊन बसल्या, आणि प्रत्येकीनं तेच घेतलं.

काल शुक्रवार होता. रात्री मी घरात सगळ्यांना भोपळ्याची पेज वाढली. लेक फॅक्टरीतनं दमून आलेला, पहिल्याच घासाला तोंड वाकडं करून म्हणाला, "आई, मीठ न्हाई यात."

"म्हाईत हाय," मी म्हटलं, "खा की."